चाक एक, खाती दोन

जड कड्याचे चाक एकदा वेगात फिरू लागले की सहजासहजी थांबत नाही, आणि त्याला फिरवताना घातलेले कष्ट ते थांबताना परत देते. या गुणासाठी बनवलेल्या चाकाला फ्लायव्हील म्हणतात. तांत्रिक मराठीत त्याला प्रचक्र असा शब्द आहे. गोठ्यातली हाताची कडबाकुट्टी हे त्याचे ओळखीचे रूप. तिचे ओतीव लोखंडी चाक अवजड असते आणि वजन मुद्दाम कडेला ठेवलेले असते. आऱ्यांवर दोन पाती बोल्टने कसलेली असतात. पाते वैरणीतून जाते तो क्षण जोराचा, बाकीचा फेरा मोकळा. मोकळ्या फेऱ्यात हात जे काम घालतो ते चाक जपून ठेवते आणि पाते वैरणीला भिडताच एकदम खर्च करते. म्हणूनच जो कडबा एका झटक्यात कोणाला कापता येणार नाही, तो घरातले पोरही चाक फिरवून कापते. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचे मोठे चाक हेच करते: स्फोटाच्या धक्क्यातून मिळालेले काम ते दट्ट्याच्या पुढच्या तीन बिनकामाच्या हालचालींना पुरवते.

हेच चाक अवकाशयानांत दोन कामांसाठी विचारात घेतले जाते. यान हव्या त्या दिशेला वळवणे आणि तिथे स्थिर धरणे हे पहिले काम. ते गेली अनेक दशके रोज चालू आहे. वीज साठवणे हे दुसरे. त्याच्यावर मोठे संशोधन झाले, चाचण्या यशस्वी झाल्या, पण ते अजून प्रयोगशाळेच्या फारसे बाहेर पडलेले नाही. दोन्ही कामे एकाच चाकाकडून एकाच वेळी करून घेता येतात, हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग. तो समजण्यासाठी फिरत्या चाकात नेमके काय साठते ते आधी पाहावे लागते.

ऊर्जा आणि संवेग

फिरत्या चाकाची दोन खाती असतात. एक गतिज ऊर्जेचे, दुसरे कोनीय संवेगाचे. कोनीय संवेग म्हणजे फिरण्याचा साठा: वस्तुमान किती, ते आसापासून किती लांब, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने फिरते, या सगळ्यांचा मिळून होणारा हिशेब. चाकाचा वेग दुप्पट केला तर कोनीय संवेग दुप्पट होतो, ऊर्जा मात्र चौपट होते. वेग तिप्पट केला तर संवेग तिप्पट आणि ऊर्जा नऊपट.

दुसरा फरक दिशेचा आहे. ऊर्जेला दिशा नसते. चाक उजवीकडे फिरो वा डावीकडे, तिची नेहमी बेरीजच होते. कोनीय संवेगाला दिशा असते. एकाच आसावर दोन सारखी चाके सारख्याच वेगाने उलटसुलट फिरवली, तर त्यांची ऊर्जा दुप्पट भरते आणि एकूण संवेग शून्य होतो.

ही खाती खरोखर वेगळी आहेत, याचा धडा अमेरिकेच्या पहिल्याच उपग्रहाने दिला. ३१ जानेवारी १९५८ रोजी सोडलेला एक्स्प्लोरर-१ पेन्सिलीसारखा लांबट होता. लांबीच्या आसाभोवती गरगर फिरत तो स्थिर राहील, अशी अपेक्षा होती. पण थोड्याच वेळात तो फेकलेल्या काठीसारखा आडवा, टोकावर टोक असा फिरू लागला. त्याला चार लवचीक ॲन्टेना होत्या. फिरताना त्या किंचित वाकत, आणि वाकण्यात थोडी थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाई. बाहेरून कोणी पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, दिला नाही तर कोनीय संवेग मात्र बदलत नाही. संवेग तेवढाच ठेवून ऊर्जा कमी करायची तर लांबट वस्तूला आडवे फिरणेच भाग पडते. एका खात्यातून गळती झाली, दुसरे जसेच्या तसे राहिले, आणि उपग्रह आडवा झाला.

टेकायला जमीन नाही तिथे वळणे

यानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे याला तंत्रज्ञ ॲटिट्यूड म्हणतात. मराठीत त्याला यानाचा रोख म्हणता येईल. यानाचा मार्ग आणि रोख या स्वतंत्र गोष्टी आहेत. कक्षा अचूक असूनही रोख चुकला तर सौरपट सूर्याकडे राहत नाहीत, ॲन्टेना पृथ्वीकडे राहत नाही आणि दुर्बीण भलतीकडेच पाहू लागते.

सर्वांत साधा उपाय म्हणजे सगळा उपग्रहच भोवऱ्यासारखा फिरवत ठेवणे. मग तो स्वतःच फ्लायव्हील होतो आणि त्याचा आस सहसा हलत नाही. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट, १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेला, असाच फिरून स्थिर राहणारा होता. पण फिरत्या उपग्रहावरून एखाद्या ताऱ्याकडे टक लावून पाहता येत नाही. त्यासाठी यान स्थिर ठेवून आतली चाके फिरवावी लागतात.

यातले तत्त्व फिरत्या खुर्चीवर अनुभवता येते. खुर्चीवर पाय उचलून बसावे, सायकलचे सुटे चाक डोक्यावर आडवे धरावे आणि हाताने फिरवावे. चाक एका दिशेने फिरू लागताच खुर्ची माणसासकट उलट दिशेने वळू लागते. चाक थांबवले की खुर्चीही थांबते, पण आधीच्या जागी नव्हे, वळलेल्या जागी. सुरुवातीला संवेग शून्य होता आणि शेवटीही शून्यच राहिला; मधल्या काळात चाकाने आणि खुर्चीने तो एकमेकांत वाटून घेतला, तेवढ्यात वळण पूर्ण झाले. यानातल्या अशा चाकाला प्रतिक्रिया चाक म्हणतात. विजेची मोटर चाकाचा वेग वाढवते आणि यान उलटीकडे वळते. यात इंधन खर्च होत नाही, वायू बाहेर फेकला जात नाही, आणि सौरपटांतून मिळणाऱ्या विजेवर काम भागते.

हबल दुर्बीण याचे ठळक उदाहरण आहे. एप्रिल १९९० मध्ये कक्षेत गेलेल्या, सुमारे ११ टनांच्या या दुर्बिणीत चार प्रतिक्रिया चाके आहेत. प्रत्येकाचे वजन ४५ किलो, व्यास सुमारे ५९ सेंटिमीटर, आणि वेग मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत. या चाकांच्या जोरावर हबल घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या गतीने वळते. काटकोनात वळायला तिला सुमारे १५ मिनिटे लागतात. वळून झाल्यावर ती जी स्थिरता राखते ती विलक्षण आहे: रोख ०.००७ विकलांपेक्षा जास्त ढळत नाही. दीड किलोमीटरवर धरलेल्या डोक्याच्या केसाची जाडी डोळ्याला जेवढा कोन करील, तेवढा हा कोन. इतके हळुवार काम धक्क्याने चालणाऱ्या रॉकेटांना जमत नाही. मोटर मात्र चाकाचा वेग हव्या तितक्या बारीक पायऱ्यांनी वाढवू शकते.

अवकाशात वळण्याच्या दिशा तीन, म्हणून चाके किमान तीन लागतात. प्रत्यक्षात बहुधा चार बसवतात आणि त्यांचे आस पिरॅमिडच्या कडांसारखे तिरके ठेवतात. मग त्यांतले कोणतेही एक बंद पडले तरी उरलेली तीन मिळून सर्व दिशांना पीळ देऊ शकतात. मंगळयानातही चार प्रतिक्रिया चाके होती. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय वेधशाळेतही रोख सांभाळायला प्रतिक्रिया चाकेच आहेत. तिच्या उपकरणांच्या घडणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा मोठा वाटा आहे; ती उपकरणे ताऱ्यावर स्थिर राहतात ती या चाकांमुळे. भारतीय उपग्रहांसाठी अशी चाके तिरुवनंतपुरम येथील इस्रोच्या इनर्शियल सिस्टिम्स युनिटमध्ये तयार होतात.

याच चाकाचा दुसरा प्रकार संवेग चाक म्हणून ओळखला जातो. ते कायम मोठ्या वेगाने फिरत ठेवतात. त्याच्या भोवरेपणामुळे उपग्रहाचा एक आस आपोआप स्थिर राहतो, आणि वेगात थोडी वाढघट करून त्या आसाभोवतीचा रोखही सुधारता येतो. जून १९८१ मध्ये सोडलेल्या ॲपल या भारताच्या प्रायोगिक दळणवळण उपग्रहात ही पद्धत वापरली होती.

साठा भरतो तेव्हा

खुर्चीच्या प्रयोगात बाहेरून कोणी ढकलत नव्हते. यानाला मात्र सतत कोणी ना कोणी ढकलत असते. सौरपटांवर पडणारा सूर्यप्रकाश किंचित दाब देतो. खालच्या कक्षेत विरळ हवा घासते. यानाचे पृथ्वीकडचे टोक लांबच्या टोकापेक्षा किंचित जास्त ओढले जाते. हे पीळ अगदी नगण्य, पण ते दिवसरात्र एकाच बाजूने येत राहिले तर साचत जातात. यान स्थिर ठेवायचे म्हणून चाक तो संवेग आपल्या अंगावर घेते आणि त्याचा वेग वाढत जातो. शेवटी मोटरची मर्यादा येते आणि चाक आणखी काही घेऊ शकत नाही.

अशा वेळी साठा बाहेर टाकावा लागतो, आणि त्यासाठी बाहेरचाच आधार हवा. पृथ्वीजवळ तो चुंबकीय क्षेत्राचा मिळतो. यानातल्या लांब कांडीभोवतीच्या वेटोळ्यातून वीज सोडली की ती होकायंत्राच्या सुईसारखी पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळू पाहते. त्या पिळाचा फायदा घेऊन चाक हळूहळू मंद करता येते. हबल आणि ॲस्ट्रोसॅट या दोघींकडे अशा कांड्या आहेत. मंगळाच्या वाटेवर असा आधार नसतो. तिथे लहान रॉकेटे उडवून चाके मोकळी करावी लागतात. मंगळयानात त्या कामाला २२ न्यूटन जोराची आठ रॉकेटे होती. चाकांमुळे इंधनाची गरज अगदीच संपते असे नाही, पण ते फार काटकसरीने वापरता येते.

कलते चाक

अवकाश स्थानकासारख्या अवजड यानाला प्रतिक्रिया चाकांचा पीळ पुरत नाही. तिथे दुसरी युक्ती करतात. चाकाचा वेग तोच ठेवून त्याचा आसच कलवायचा. फिरत्या भोवऱ्याला बोटाने तिरपे करू पाहिले तर तो बोटाला काटकोनात ढकलतो. तसाच हा पीळ. चाक जितके जड आणि वेगवान, तितका थोड्याशा कलण्यातून जास्त पीळ मिळतो. या यंत्राला कंट्रोल मोमेंट जायरो, थोडक्यात सीएमजी, म्हणतात.

माणसे राहत असलेल्या अमेरिकी यानात ते पहिल्यांदा वापरले गेले स्कायलॅबवर. १४ मे १९७३ रोजी सोडलेल्या या स्थानकात तीन सीएमजी होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांतला एक बंद पडला, आणि फेब्रुवारी १९७४ पर्यंतचा शेवटच्या तुकडीचा मुक्काम उरलेल्या दोहोंवर आणि वायूच्या झोतांवर निभावला.

आजच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे चार सीएमजी ऑक्टोबर २००० मध्ये वर गेले. प्रत्येकातले पोलादी चाक सुमारे ९८ किलोचे, मिनिटाला ६६०० फेरे घेणारे. त्याचा कोनीय संवेग ४७६० न्यूटन-मीटर-सेकंद. असे चाक सेकंदाला तीन अंश या संथ गतीने कलवले तरी सुमारे २५० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. ४०० टनांहून जड असलेल्या स्थानकाचा रोख ही चार चाके एरवी इंधनाविना राखतात.

बेअरिंगची कसोटी

चाकाची ताकद कड्यात असते, आयुष्य मात्र बेअरिंगवर ठरते. जमिनीवरच्या यंत्राला तेल सोडता येते, ग्रीस भरता येते. यानातल्या बेअरिंगला सुरुवातीला दिलेल्या थेंबभर वंगणावर वर्षानुवर्षे फिरायचे असते, तेही निर्वातात, जिथे तेलाची वाफ होऊन जाण्याची भीती असते. वंगणाचा थर फाटला की गोळ्या पोलादाला घासतात, घर्षण वाढते, मोटरला जास्त वीज लागते आणि एक दिवस चाक अडकते.

अवकाश स्थानकाचा एक सीएमजी जून २००२ मध्ये बेअरिंग निकामी होऊन बंद पडला. २००५ मध्ये डिस्कव्हरी यानातून आलेल्या सोइची नोगुची आणि स्टीफन रॉबिन्सन यांनी स्थानकाबाहेर पडून तो बदलला. दुसरा २००६ मध्ये बंद करावा लागला आणि पुढच्या वर्षी बदलला गेला. पण ही सोय पृथ्वीलगतच्या स्थानकापुरतीच. केप्लर दुर्बिणीला ती नव्हती. इतर ताऱ्यांचे ग्रह शोधण्यासाठी मार्च २००९ मध्ये सोडलेल्या केप्लरमध्ये चार चाके होती. जुलै २०१२ मध्ये एक गेले, मे २०१३ मध्ये दुसरे. उरलेल्या दोन चाकांवर तिन्ही दिशांनी रोख धरणे अशक्य होते.

मग एक नामी उपाय निघाला. केप्लरचे सौरपट घराच्या दुपाखी छपरासारखे होते. छपराचा आढा बरोबर सूर्याच्या रोखाने ठेवला, तर दोन्ही पाख्यांवर प्रकाशाचा दाब सारखा पडतो आणि यान त्या दाबावर तोलून राहते. जो सूर्यप्रकाश चाकांचा साठा भरत असे, तोच तिसऱ्या चाकाच्या जागी उभा केला गेला. दोन चाके, प्रकाशाचा तोल आणि अधूनमधून लहान रॉकेटांची मदत यांवर केप्लर २०१४ पासून ऑक्टोबर २०१८ मध्ये इंधन संपेपर्यंत निरीक्षणे करत राहिली. तिच्या नोंदींतून २६०० हून अधिक ग्रह सापडले आहेत.

चाकात साठवलेली वीज

आतापर्यंतचे सर्व काम संवेगाच्या खात्यावर चालले. ऊर्जेच्या खात्याची गरज पृथ्वीच्या सावलीत लागते. अवकाश स्थानक सुमारे दीड तासात एक फेरी मारते आणि प्रत्येक फेरीत ३५ मिनिटांपर्यंत अंधारात असते. दिवसाला सोळा फेऱ्या धरल्या तर वर्षाला सुमारे ५८०० वेळा वीज भरायची आणि तितक्याच वेळा काढायची. इतक्या फेऱ्यांत बॅटरीतली रसायने झिजतात. ती टिकावीत म्हणून स्थानकाच्या जुन्या निकेल-हायड्रोजन बॅटऱ्या दर फेरीला सुमारे एक तृतीयांशच रिकाम्या करत. म्हणजे वर नेलेल्या वजनाचा बराचसा भाग वापरायचाच नाही, नुसता बाळगायचा.

फ्लायव्हीलमध्ये रसायन नाही. उजेडात सौरपटांची वीज मोटरला देऊन चाकाचा वेग वाढवायचा. अंधारात तीच मोटर जनित्र होते, वीज देते आणि चाक मंदावते. वेग एक तृतीयांशावर आणला तर आठ नवमांश, म्हणजे सुमारे ८९ टक्के, ऊर्जा बाहेर येते, आणि असे कितीही वेळा केले तरी रासायनिक झीज नाही. किती वीज शिल्लक आहे हे बॅटरीच्या बाबतीत अंदाजाने काढावे लागते. इथे फेरे मोजले की अचूक कळते.

जमिनीवर ही कल्पना जुनीच आहे. स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्दों येथे १९५३ मध्ये फ्लायव्हीलवर चालणारी बस सुरू झाली. तिच्या पोटात दीड टनाचे पोलादी चाक मिनिटाला ३००० फेरे घेत असे, आणि ठरावीक थांब्यांवर विजेची जोडणी करून त्याला पुन्हा वेग दिला जाई. पण दीड टनाचे चाक अवकाशात कोण नेणार? तिथे हिशेब किलोमागे मिळणाऱ्या ऊर्जेचा असतो, आणि तो जडपणावर ठरत नाही. जड धातूच्या कड्याला वेग वाढताच स्वतःचेच वजन फाडू पाहते. पातळ कड्यात किलोमागे किती ऊर्जा मावेल हे पदार्थाची ताण सोसण्याची ताकद भागिले घनता यावरून ठरते. चांगल्या पोलादाचे कडे कडेला सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेग सोसते. तेव्हा किलोमागे सुमारे २२ वॅट-तास ऊर्जा असते. कार्बनच्या धाग्यांचे, राळेने बांधलेले कडे सेकंदाला हजार मीटरपर्यंत जाऊ शकते. तेव्हा किलोमागे जवळजवळ १४० वॅट-तास मावतात. हलके चाक जास्त साठवते, ते यामुळे.

हजार मीटर वेग म्हणजे काय, हे एका ग्रॅमवरून कळते. ३२ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढे कडे मिनिटाला ६०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला हजार मीटर होतो. त्या कडेवरचा दर ग्रॅम बाहेरच्या बाजूला सहाशे किलोहून अधिक भाराने ओढत असतो. मिरीच्या वीसेक दाण्यांएवढ्या वजनाला एका धष्टपुष्ट म्हशीएवढी ओढ! धागे ती ओढ सोसतात, कारण ते कड्याच्या गोलाईतच गुंडाळलेले असतात आणि सगळा ताण त्यांच्या लांबीवर येतो.

इतक्या वेगाला गोळ्यांचे बेअरिंग टिकत नाही. म्हणून आस चुंबकांमध्ये तरंगता ठेवतात. आस कुठे सरकला हे संवेदक सेकंदाला हजारो वेळा तपासतात आणि त्यानुसार चुंबकांची वीज कमीजास्त करून त्याला मध्यावर आणतात. आस कशालाच टेकत नाही, त्यामुळे वंगण लागत नाही. केप्लरचा घात करणारा दोष इथे मुळातच उरत नाही. हवेचे घर्षण टाळण्यासाठी जमिनीवर अशा चाकाला निर्वात पेटीत ठेवावे लागते. अवकाशात निर्वात बाहेरच आहे.

बेरीज आणि वजाबाकी

आता मुख्य अडचण. ऊर्जा साठवायची तर चाकाचा वेग वाढणार, आणि वेग वाढला की यान उलट वळणार. दर दीड तासाला वीज भरताना यान एकीकडे आणि काढताना दुसरीकडे गिरकी घेईल. इथे दोन खाती वेगळी असण्याचा उपयोग होतो.

एका आसावर दोन सारखी चाके, एकमेकांच्या उलट फिरणारी. दोन्हींचा वेग मिनिटाला ४०,००० फेऱ्यांवरून ६०,००० वर नेला. साठलेली ऊर्जा सव्वादोनपट झाली; संवेगांची वजाबाकी आधी शून्य होती आणि नंतरही शून्यच राहिली. यानाला वीज भरल्याची जाणीवही नाही. आता यान वळवायचे आहे. एका चाकाचा वेग ६०,१०० केला, दुसऱ्याचा ५९,९०० केला. संवेगात २०० फेऱ्यांचा फरक पडला आणि यान वळू लागले. ऊर्जेत किती फरक पडला? दहा लाखांत तीन भागांपेक्षाही कमी. वेगांची बेरीज वीज सांभाळते, वजाबाकी रोख सांभाळते, आणि एकीचा दुसरीला अडथळा होत नाही.

एका आसाभोवती मागण्या दोन, वीज आणि पीळ. म्हणून चाके दोन. तिन्ही दिशांचा विचार केला तर मागण्या चार होतात, तीन पिळांच्या आणि एक विजेची. म्हणून तिरक्या आसांची चार चाके पुरतात. एरवी जे चौथे चाक राखीव म्हणून बसवलेले असते, तेच विजेचे खाते उघडून देते. राखीव हवे असेल तर पाचवे बसवावे लागते. बॅटरीचे वजन आणि रोखाच्या चाकांचे वजन वेगवेगळे नेण्याऐवजी एकाच सामानात दोन्ही कामे होतात, हा यातला मोठा लाभ.

अमेरिकेत नासाने या जोड पद्धतीचा अभ्यास १९७० च्या दशकातच सुरू केला होता. तेव्हा कार्बनचे कडे आणि चुंबकी बेअरिंग बाल्यावस्थेत होती. पुढे क्लीव्हलँड येथील ग्लेन संशोधन केंद्रात जी-२ नावाचे चाक तयार झाले: कार्बनचे कडे, चुंबकी बेअरिंग, मिनिटाला ६०,००० फेऱ्यांचा आराखडा आणि सुमारे अर्धा किलोवॅट-तास ऊर्जा. २००४-०५ च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी हवेच्या थरावर तरंगणाऱ्या मेजावर दोन चाके बसवून एका आसाभोवती वीज आणि रोख दोन्ही एकाच वेळी सांभाळून दाखवले. वर मांडलेले गणित यंत्रात उतरले.

जी-२ आणि स्थानकाचा सीएमजी शेजारी ठेवले की खात्यांमधला फरक आकड्यांत दिसतो. सीएमजीच्या ९८ किलोच्या चाकातही ऊर्जा अर्ध्या किलोवॅट-तासाच्या आसपासच असते. पण त्याचा संवेग जी-२ च्या सुमारे आठपट आहे. नुसता रोख धरायचा असेल तर जड आणि संथ चाक चांगले. वीज साठवायची तर हलके आणि वेगवान. दोन्ही कामांसाठी चाक घडवताना अभियंत्याला या दोहोंमधला मेळ शोधावा लागतो.

अडते कुठे

अवकाश स्थानकावर बॅटरीच्या जागी फ्लायव्हील बसवून पाहण्याची योजना नासाने आखली होती. या शतकाच्या सुरुवातीला ती रद्द झाली. आजही कोणत्याही मोठ्या यानाची मुख्य वीजसाठवण फ्लायव्हीलवर चालत नाही. त्याची कारणे स्पष्ट आहेत.

पहिले कारण लिथियम-आयन बॅटरी. ती हलकी झाली, टिकाऊ झाली, आणि तिच्यात हलणारा एकही भाग नाही. स्थानकावरच्या ४८ निकेल-हायड्रोजन बॅटऱ्यांची जागा २०१७ ते २०२१ या काळात २४ लिथियम-आयन बॅटऱ्यांनी घेतली. फ्लायव्हीलचे किलोमागचे आकडे कड्यापुरते छान दिसतात, पण मोटर, चुंबक, संवेदक, सांगाडा यांचे वजन धरले की ते बरेच खाली येतात.

दुसरे कारण फुटण्याचा धोका. धातूचे चाक फुटले तर मोठे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. कार्बनचे कडे बहुधा पदर सुटून भुगा होते, पण त्यातली सगळी ऊर्जा क्षणात बाहेर पडायची ती पडतेच. जमिनीवर अशा चाकाला जाड कवच देतात किंवा खड्ड्यात बसवतात. यानात कवचाचे वजन परवडत नाही आणि खड्डा नाही; म्हणून चाक मर्यादेच्या बरेच खाली फिरवावे लागते, आणि वेगाच्या वर्गाचा नियम इथे उलटा लागू होतो. वेग एक पंचमांशाने कमी ठेवला की ऊर्जा एक तृतीयांशाहून अधिक घटते.

तिसरे कारण आकाराचे. स्थानकाला ७५ किलोवॅट वीज लागते असे धरले तर ३५ मिनिटांच्या अंधारासाठी सुमारे ४४ किलोवॅट-तास हवेत. जी-२ एवढ्या चाकांनी ही गरज भागवायची तर नव्वदच्या आसपास चाके लागतील, आणि ती सगळी जोडीजोडीने तोलून फिरवावी लागतील. चौथे कारण गळती. चुंबकी बेअरिंगला आणि त्याच्या नियंत्रणाला सतत थोडी वीज लागते, धातूच्या भागांत भोवरे प्रवाह तयार होऊन चाक मंदावते. दीड तासाच्या चक्रात ही गळती चालते. चंद्रावरच्या चौदा दिवसांच्या रात्रीसाठी चाकात वीज भरून ठेवणे परवडत नाही.

म्हणून फ्लायव्हीलला साजेशी जागा ठरावीक आहे: पृथ्वीच्या जवळून फिरणारी, दिवसाला पंधरा-सोळा वेळा अंधारात जाणारी, वर्षानुवर्षे चालायची आणि रोख अचूक ठेवायची गरज असलेली याने. ज्या उपग्रहांना रडारसारख्या उपकरणासाठी थोड्या वेळात एकदम भरपूर वीज लागते, त्यांनाही ते सोयीचे ठरेल, कारण बॅटरीला जे जड जाते ते चाक सहज देते. कडबाकुट्टीचे पातेही असाच एका क्षणाचा जोर मागते. आज कक्षेत फिरणाऱ्या असंख्य चाकांपैकी बहुतेक सगळी संवेगाच्या खात्यावर काम करत आहेत. त्याच चाकांतले ऊर्जेचे खाते कसे वापरायचे हे गणिताने आणि प्रयोगशाळेने दाखवून दिले आहे. ते वापरात यायचे तर कडे अधिक मजबूत, कवच अधिक हलके आणि चुंबकी बेअरिंग अधिक काटकसरी व्हावे लागेल.